पांढऱ्या गाठी

१

दोन निळ्या, मग हिरवी एक,
तांबडी बांध गं माझे लेक;
थांब गं बाळे, थांब जराशी…

आजीचा आवाज मला आजही ऐकू येतो तो असा, ‘थांब जराशी’पाशी अडलेला. दुसऱ्यांच्या अंगाईत चंद्र येतो, चिमणी येते. आमच्या घराण्याचा धंदा गालिचे विणण्याचा, म्हणून आमच्या अंगाईत गाठीच यायच्या. आजी मला थोपटत गायची आणि ‘थांब’ आलं की तिचा हात माझ्या पाठीवर खरोखरच थांबायचा. मी झोपेच्या उंबऱ्यावर पाय ठेवून वाट बघत राहायचे. मग हात पुन्हा चालू व्हायचा. ती स्वतः झोपली तरी तिची बोटं मात्र झोपत नसत. अंगठा पुढे, तर्जनी मागे, मग खाली एक बारीकशी ओढ. म्हातारपणाचा चाळा, असं काका म्हणायचे. आणि मागाच्या खोलीतून येताजाता ती कोपऱ्यातल्या भिंतीला हात लावून जायची, जशी आपण झोपलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून जातो.

ती आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सकाळी तिची आठवण आली, ती काकांच्या हाकेनं.

मी लोकरीचे गुंडे ठेवून मागाच्या खोलीत धावले. लांब टेबलावर पणजीचा गालिचा पसरलेला होता. तो जन्मभर समोरच्या भिंतीवर असायचा. आदल्या दिवशीच सगळ्यांनी मिळून उतरवला होता, कारण उद्या संग्रहालयाची गाडी त्याला न्यायला येणार होती. वर झाकलेली चादर काकांच्या हातात होती आणि काकांचा चेहरा त्या चादरीसारखाच झाला होता.

गालिच्याचा वरचा कोपरा नव्हता. तळहाताएवढा चौकोन कुणीतरी कापून नेला होता. नेमका तोच कोपरा, ज्यात विणणाऱ्याची खूण होती: एक इवलासा काळा पक्षी.

ही पणजी म्हणजे आजीची आई; आजोबा घरजावई म्हणून आले, त्यामुळे आजी जन्मभर याच घरात राहिली. ती जन्मली तेव्हा एकोणिसाव्या शतकाची बरीच वर्षं शिल्लक होती. लग्न होऊन या घरात आली आणि पणजोबांपेक्षा चांगली विणू लागली, इतपत सगळे कबूल करत. पुढची गोष्ट मात्र आवाज खाली आणून सांगितली जाई. हा गालिचा पुरा केला आणि ती पळून गेली. घर, नवरा, लहानगी लेक, सगळं टाकून. कोणी म्हणे रंगाच्या व्यापाऱ्याबरोबर, कोणी म्हणे नुसतीच. आमच्या घरात तिचं नाव नव्हतं. ‘पळालेली’ एवढंच होतं. आणि गालिच्याच्या शेवटच्या भागात जागोजाग चुकीच्या पांढऱ्या गाठी पडल्या होत्या, त्या दाखवून काका पाहुण्यांना सांगायचे, बघा, मन आधी पळालं, बाई मागून पळाली.

तेव्हापासून या घराचा नियम होता. बायकांनी लोकर कातावी, गुंडे करावेत, रंगवावं. मागावर बसायचं नाही. मागावर बसलेली बाई घरात टिकत नाही.

हा नियम मोडायची इच्छा घरात एकीलाच होती, माझ्या धाकट्या बहिणीला. तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिचं काकांशी आदल्या संध्याकाळीच वाजलं होतं. संग्रहालयात लावायच्या पाटीच्या कागदावर कलाकार म्हणून पणजोबांचं नाव होतं. धाकटी म्हणाली होती, असलं खोटं गळ्यात बांधून हा गालिचा मी घराबाहेर जाऊ देणार नाही.

काकांनी चादर खाली ठेवली. गालिच्याची लव कापायची, खुंटीवरची वाकडी कात्री जागेवर नव्हती. ती धाकटीच्या खोलीच्या खिडकीत सापडली.

“गाडी यायच्या आत कोपरा जागेवर आला पाहिजे,” काका शांतपणे म्हणाले. “नाही आला, तर धाकटीनं या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मागाचं तर नावच सोडा.”

धाकटी दारातच उभी होती. तिनं ना नाही म्हटलं, ना हो.

२

कोपरा मिळो न मिळो, भोक तर बुजवावं लागणार होतं, म्हणून काकांनी रफूबाईंना निरोप धाडला. आमच्या धंद्यात हे नाव सगळ्यांना ठाऊक. जुने गालिचे दुरुस्त करायला त्या घरोघर जातात आणि असं म्हणतात की परत येतात तेव्हा त्यांना त्या घरातलं सगळं कळलेलं असतं, फक्त त्या बोलत नाहीत. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, कमरेला सुयांची डबी, आणि चहाला कधी नाही म्हणायचं नाही हे तत्त्व.

काकांनी त्यांना भोक दाखवलं. त्यांनी भोकाकडे पाहिलंच नाही. आधी सगळ्यांना चार टोकं धरायला लावून गालिचा उलटा केला.

“सुलटी बाजू पाहुण्यांसाठी असते,” त्या म्हणाल्या. “मी काही पाहुणी नाही.”

मग भिंग डोळ्याला लावून त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. काका येरझाऱ्या घालत होते. रंगारी, म्हणजे आमचे जुने रंग करणारे, हात पुसत दारात येऊन उभे राहिले. आत्या खिडकीपाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत होती, पाठीशी तिची जाडजूड उशी. संधिवातानं तिची बोटं झाडाच्या मुळांसारखी वळली आहेत. तिला कुणी काही विचारायच्या भानगडीत पडलंच नव्हतं. त्या बोटांना कपबशी धरवत नाही, कात्री काय धरवणार?

रफूबाई सरळ झाल्या. हे कापलंय रागानं नाही, त्या म्हणाल्या. रागानं कापणारा कात्री घालतो आणि पळतो. इथे आडव्या धाग्याची एक ओळ धरून सावकाश कापलंय, एकही गाठ दुखावू न देता. एवढंच नाही. कापल्यावर गालिच्याची कड चारी अंगांनी शिवून घेतलीय, पुढे उसवू नये म्हणून.

आम्ही वाकून पाहिलं. खरंच, कापलेल्या कडेवर तपकिरी लोकरीचे टाके होते. मोठे, सैल, दुहेरी दोऱ्याचे.

“जखम करून वर मलमपट्टी,” रंगारी पुटपुटले. “असा चोर नाही पाहिला.”

“मी पाहिलेत,” रफूबाई म्हणाल्या. “ते नेहमी घरातलेच असतात.”

३

त्यांनी चौकशी म्हणून केली नाही. चहा पीत पीत एकेकाशी गप्पा मारल्या, आणि मला हाताशी ठेवलं. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

काकांना त्यांनी कोपऱ्यातल्या खुणेबद्दल विचारलं. काका आधी उडवाउडवी करत होते. मग सांगावं लागलं. आमच्या धंद्यात गालिचा जो संपवतो त्याची खूण शेवटच्या कोपऱ्यात येते. सुरुवात कुणीही करो, खूण संपवणाऱ्याची. पणजोबांची खूण होती फणी, गाठी ठोकून बसवायची, ती घरातल्या इतर सगळ्या गालिच्यांवर आहे. हा पक्षी त्यांचा नाही.

“म्हणजे पाटी खोटी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं,” रफूबाई म्हणाल्या.

काकांचे कान लाल झाले. माग पणजोबांचा, लोकर पणजोबांची, म्हणून कलाकृती पणजोबांची, असा त्यांचा हिशेब. पळालेल्या बाईचं नाव मी चारचौघांत कसं लावू? आणि पक्षी म्हणजे काय, तुम्हीच सांगा. भुर्र उडून गेले, हेच ती जाताना लिहून गेली. त्यांनी हेही कबूल केलं की तो कोपरा चौकटीखाली दडवता येईल का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण कापणं? त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. लहानपणी ताप आला की मी त्या गालिच्याखाली अंथरूण टाकून झोपायचो, बाई.

रंगाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. ते आपणहून म्हणाले, माझ्यावर संशय घ्या, घ्यायलाच हवा. या गालिच्यातला प्रत्येक रंग मी करून दाखवलाय. निळा, हिरवा, तांबडा, सगळे. एक सोडून. त्या पक्ष्याचा काळा.

“माझ्या बापाला जमला नाही, मला जमला नाही. लोकरीला काळं कसंही करा, जुनं झालं की ती विटते, तपकिरी होते. हा काळा शंभर वर्षांत हलला नाही. वर आणि चमकतो. एकदा तरी त्यातली एक गाठ सोडवून बघायची होती मला.”

“मग सोडवलीत का?”

“हिंमत नाही झाली,” रंगारी म्हणाले. “तुमच्यासारख्या बाया दुरुस्तीला येतात ना.”

रफूबाई हसल्या. पण दाराबाहेर पडल्यावर त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, लोकर विटते. लोकर विटते, हे तर खरं. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना काहीतरी हातात दिलं आहे. माझ्याकडे कुठे, माझ्या डोक्याकडे. खांद्यावरून पुढे आलेल्या माझ्या वेणीकडे.

४

धाकटी तिच्या खोलीत कॉटवर बसली होती. कात्रीचं विचारल्यावर तिनं कॉटखालून एक लाकडी चौकट ओढून काढली. चित्राच्या जुन्या चौकटीला खिळे ठोकून तिनं त्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, घेतला होता आणि हातभर गालिचा विणला होता. कात्री त्यासाठी काल रात्री नेली होती. हे काकांना सांगितलं असतं तर कात्रीचा आरोप गेला असता आणि चौकटही गेली असती, म्हणून ती गप्प बसली होती.

रफूबाईंनी तिच्या गाठींवरून अंगठा फिरवला. गाठी दाताखालच्या सुपारीसारख्या कडक होत्या.

“तुझा हात घट्ट आहे गं. कडेचे ते सैल टाके तू घालूच शकत नाहीस. प्रयत्न करूनही नाही.”

धाकटीचे डोळे भरून आले. आरोप टळला म्हणून नव्हे. तिचं विणकाम कुणीतरी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पण काकांना हे सांगू नका, ती म्हणाली. मी कापलं असं त्यांना वाटलं तरी चालेल, ही चौकट जायला नको.

मग आत्या. आत्या हवेबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, चहात साखर कमी पडल्याबद्दल बोलली. कापलेल्या कोपऱ्याकडे पाठ करून बसली होती. रफूबाईंनी तिला एवढंच सांगितलं की सुई ओवून द्या, माझी नजर दमली. आत्यानं सवयीनं माझ्याकडे हात केला आणि मी सवयीनं ओवून दिली. लांब दोरा, दुहेरी. आत्याला पुन्हापुन्हा ओवता येत नाही, म्हणून मी तिला कायम असाच दोरा ओवून देते. काल दुपारीही दिला होता. तपकिरी लोकरीचा. मोजे शिवायचेत, म्हणाली होती.

सुई माझ्या हातातच राहिली.

रफूबाईंनी ती हळूच माझ्या बोटांतून काढून घेतली आणि मान जराशी हलवली. आत्ता नको. त्यांना ते सकाळीच कळलं होतं. कोण, हे त्यांना माहीत होतं. का, हे माहीत नव्हतं.

“तुमच्या आई लेकरांना काही गाऊन दाखवायच्या का?” त्यांनी आत्याला विचारलं.

आत्या म्हणाली, आठवत नाही. हे मी तिच्या तोंडून आजवर कधीच ऐकलं नव्हतं. आत्याला शेजाऱ्यांच्या मांजराच्या पिल्लांचे वाढदिवस पाठ असतात.

बाहेर ओसरीवर आल्यावर मी म्हणाले, मला आठवतं. आणि हलक्या आवाजात अंगाई म्हटली. दोन निळ्या, मग हिरवी एक. रफूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ‘थांब जराशी’ आलं तशा त्यांनी डोळे उघडले.

“पुढे?”

“पांढरी बांध नि राहा उगाशी. मग पुन्हा दोन निळ्या. पुढचं कडवं वेगळं, पण थांब नि पांढरी सगळ्यांत येते. कधी दुसऱ्या ओळीत, कधी पाचव्या. नेम नाही.”

“नेम नाही,” त्या म्हणाल्या. “मागावर एकटी बसलेली बाई गाठी मोठ्यानं बोलत नाही. बोलायचं कुणासाठी? आणि थांब म्हणायचं कुणाला? पोरी, ही अंगाई नाहीच. मला सांग, यात बोलणारी कोण आणि बांधणारी कोण?”

५

आमच्याकडे मोठ्या गालिच्याची नक्षी कागदावर नसते. एक जण ती तोंडपाठ बोलतो, मागावरचा ऐकतो आणि बांधतो. हे काम अजूनही तसंच चालतं. म्हणून रफूबाईंनी मला टेबलाशी उभं केलं, गालिचा सुलटा केला आणि सांगितलं, बोल.

मी बोलू लागले. त्यांचं बोट शेवटच्या पट्ट्यातल्या एका ओळीवरून सरकू लागलं. दोन निळ्या. बोटाखाली दोन निळ्या. हिरवी एक. हिरवी. तांबडी. तांबडी. थांब गं बाळे, थांब जराशी, पांढरी बांध.

बोटाखाली पांढरी गाठ होती.

पणजीचं मन पळाल्याचा पुरावा म्हणून काका जी दाखवायचे, तीच. मी पुढचं कडवं म्हटलं, दुसरी पांढरी आली. तिसरं म्हटलं, तिसरी. एकही चुकली नाही. मी मध्येच थांबले आणि मागे वळले. दारात रंगारी आणि काका कधी येऊन उभे राहिले, मला कळलं नव्हतं.

“मागावर काम मध्येच थांबवलं तर तुम्ही काय करता?” रफूबाईंनी काकांना विचारलं.

काका नकळत म्हणाले, पांढरा दोरा बांधतो. जिथे थांबलो तिथे खूण राहते. पण तो ताण्याला बाहेरून बांधायचा, काम सुरू झालं की काढून टाकायचा. गाठीत गाठ म्हणून कोण बांधेल? नवशिक्या पोरालाही कळतं ते.

“नवशिक्या पोराला कळतं. त्याहून लहान असेल तर?”

त्यांनी पुन्हा गालिचा उलटा केला. हात पोचेल तेवढं विणायचं आणि मग बाकावर सरकून बसायचं, ही विणण्याची रीत. त्या प्रत्येक सरकण्याची एक पुसटशी तिरकी रेघ मागच्या बाजूला राहते. खालच्या सगळ्या गालिच्यात त्या रेघा लांब लांब होत्या, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. वर आल्यावर एकाएकी त्या जवळ जवळ आल्या. जिथून पांढऱ्या गाठी सुरू होत होत्या, तिथूनच. मी माझा हात ठेवून पाहिला. दोन रेघांमध्ये माझं कोपरापर्यंतचं अंतरही मावत नव्हतं.

“हे विणणाऱ्याचा हात एवढाच होता,” रफूबाई म्हणाल्या. “पाय जमिनीला टेकत नसतील तिचे. मोठीनं सुरुवात केली आणि लहानीनं संपवलं. म्हणून खूण लहानीची आहे. पक्षी पळालेल्या बाईनं काढलेला नाही. मुलं पक्षीच काढतात.”

माझ्या डोळ्यांपुढे आजीची झोपलेली बोटं आली. अंगठा पुढे, तर्जनी मागे, खाली बारीकशी ओढ. जन्मात कधी मागावर न बसलेल्या बाईची बोटं.

“पण बोलत कोण होतं?” काकांनी विचारलं. “ती पळालेली तर…”

 ज्या कोपऱ्यातून तुकडा गेला होता, तो कोपरा विणताना मागाच्या कुठल्या टोकाला आला असेल ते रफूबाईंनी पाहिलं आणि त्या टोकाकडे चालत गेल्या. तिथे भिंतीला लोकरीची फळी आहे. पलीकडे जुनी लोकरीची खोली, अंगणातून वेगळं दार असलेली. आजी जाता येता ज्या भिंतीला हात लावायची, ती हीच. मी गुंडे बाजूला केले. फळीमागच्या गिलाव्यात एक चौकोन होता, बाकी भिंतीपेक्षा जरा गुळगुळीत. कधीतरी बुजवलेली खिडकी. मागाच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या कानाच्या उंचीला.

६

सगळे टेबलाभोवती जमलो. धाकटीलाही बोलावलं. आत्या खुर्चीत होती, उशीला टेकून. रफूबाई कुणाकडे न बघता, गालिच्याशीच बोलावं तशा बोलत होत्या.

पणजी पळाली नव्हती. गालिचा पुरा झाला तेव्हा ती या भिंतीपलीकडे होती, खिडकीतून लेकीला नक्षी सांगत. मग ती इकडे, लेकीजवळ का येत नव्हती? आणि बोलता बोलता सारखी का थांबत होती, तेही काही नेम नसताना? नक्षी विसरणारी बाई असती तर एकदा तरी चुकली असती. ती चुकली नाही. तिचा श्वास चुकत होता. जी बाई आपल्या लेकीपासून भिंतीएवढं लांब राहते आणि बोलताना धाप लागून थांबते, तिला काय झालं असेल हे सांगायला वैद्य लागत नाही. पांढऱ्या गाठी म्हणजे तिची धाप. लेकीला सांगितलं होतं, मी थांबले की पांढरी बांध, म्हणजे कुठे होतो ते कळेल. लेकीनं इमानानं बांधली. बाहेरून की आतून, हे सांगायचं राहिलं.

“आणि पक्ष्याचा काळा,” त्या रंगाऱ्यांना म्हणाल्या, “तुम्हाला जमणार नव्हता. तो रंगवलेला नाही. तापात डोक्यावरचे केस कापतात. ते खिडकीतून कुणीतरी लेकीच्या हातात दिले असावेत.”

रंगाऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

एवढं मला धाग्यांनी सांगितलं, रफूबाई म्हणाल्या. कोपरा कुणी नेला आणि का, हे धागे सांगत नाहीत. ते माणसानं सांगायचं. मी आता चहा प्यायला जाते.

पण त्या गेल्या नाहीत. कारण आत्यानं पाठीमागची उशी पुढे घेतली होती आणि वळलेल्या बोटांनी अभ्र्याची गुंडी काढायची धडपड करत होती. मी पुढे झाले. “राहू दे,” ती म्हणाली आणि तिनं स्वतःच काढली. आतून तळहाताएवढा चौकोन निघाला. त्याचीही कड चारी अंगांनी शिवलेली होती.

 आत्या काकांची मोठी बहीण. त्यांना अंगाखांद्यावर खेळवलेली.

आजीनं अखेरच्या आजारात तिला सगळं सांगितलं होतं आणि वचन घेतलं होतं. छातीचा तो आजार तेव्हा नाव घ्यायचाही नव्हता. ज्या घरात तो शिरला त्या घरचे गालिचे लोक अंगणात आणून जाळत. कामकरी निघून जात. पणजीला खोकताना रक्त पडलं तशी ती आपणहून लोकरीच्या खोलीत जाऊन राहिली, आणि पणजोबांना तिनंच सांगितलं.

“ती म्हणाली, सांगा लोकांना, पळून गेली म्हणून. पळालेल्या बाईच्या हातचे गालिचे कुणी जाळत नाही.” आत्यानं मागाकडे हात केला. “हे घर तिनं तसं वाचवलं. हा माग, हे छप्पर, तुझी गादी, सगळं. आणि आपण तिला काय म्हणत आलो? आईला रोज ऐकावं लागायचं. बोलायची सोय नव्हती. आजार बाहेर फुटला असता तर सगळंच गेलं असतं. पुढे भीती सरली तरी वचन राहिलंच.”

गालिचा बाहेर जाणार हे कळल्यापासून तिला झोप नव्हती. सांगायची हिंमत होत नव्हती आणि पणजीचे केस परक्या घरी, खोट्या पाटीखाली पाठवायची तर त्याहून नाही. म्हणून अख्खी दुपार घालवून, दुखऱ्या बोटांनी, तिनं तो कोपरा कापला. धाकटीवर आळ येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आला तेव्हा जीभ उचलली नाही. जन्मभराची सवय, ती म्हणाली, एका सकाळीत जात नाही गं.

धाकटी तिच्या पायाशी जाऊन बसली.

काका आत्याजवळ वाकले. त्यांनी विचारलं, शेवटची गाठ झाली तेव्हा पणजी होती का?

“होती. आईनं भिंतीशी तोंड नेऊन सांगितलं, झालं. तर ती म्हणाली, शहाणी माझी. आता पांढऱ्या तेवढ्या काढून टाक.” आत्या हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “आईनं नाही काढल्या. मला म्हणाली, कशा काढू? तेवढ्याच जागी आम्ही दोघी गप्प बसलो होतो.”

खोलीत हवा हलली की काय कोण जाणे. माझ्या छातीवरचं, मला माहीत नसलेलं एक ओझं उतरलं. पळालेलीची पणती म्हणून मी जी मान खाली घालून वाढले होते, ती मान वर झाली. रंगारी उगाचच म्हणाले, म्हणजे मी हरलो नव्हतो तर, आणि सगळेच हसलो. रडून झाल्यावर हसू येतं तसं, जरा जास्तच.

काकांनी पाटीचा कागद उचलून त्याची घडी केली, पुन्हा घडी केली, खिशात टाकली. आत्याला म्हणाले, तिचं नाव काय होतं गं? आत्यानं सांगितलं. शंभर वर्षांनी ते त्या खोलीत उच्चारलं गेलं. काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तुझी मर्जी असेल तर गालिचा पाठवत नाही, ते म्हणाले. आत्यानं मान हलवली. जाऊ दे तिला, आता लपायचं कारण काय? नावानिशी जाऊ दे. मायलेकी दोघींच्या.

रफूबाईंनी डबीतून सुई काढली, कोपरा जागेवर ठेवला आणि कामाला बसल्या. “चहा थंड झाला असेल,” एवढंच म्हणाल्या.

काका मागाशी गेले. अर्धा विणलेला गालिचा तिथे चढवलेला होता. त्यांनी खुंटीवरची फणी काढली, धाकटीपुढे धरली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, तुझ्या त्या चौकटीवर काय विणलंयस ते दुपारी दाखव. तोवर इथे बस. मी बोलतो, तू बांध.

त्यांना चौकटीचं कुणी सांगितलं होतं, ते आम्ही रफूबाईंना विचारलं नाही.

धाकटी बाकावर बसली. काकांनी घसा साफ केला. “दोन निळ्या,” त्यांनी सुरुवात केली, आणि पहिली गाठ पडली, दुसरी पडली. आत्या खुर्चीतून उठली होती. काठी न घेता टेबल, खांब, माझा खांदा असं धरत ती मागापाशी येऊन पोचली होती. धाकटीनं मान वळवून पाहिलं आणि काही न बोलता बाकावर जराशी सरकली. तिच्याशेजारी एक जागा झाली.

काका बोलायचे थांबले. “काय गं, आक्का? अजून काही राहिलंय का सांगायचं?”

आत्यानं वळलेला हात रिकाम्या ताण्यावर ठेवला. ताणलेले धागे हलकेच झणझणले.

“मलाही बसायचं होतं रे,” ती म्हणाली. “तुझ्याही आधी.”